निकेलचं बेट आणि गावाचा झरा: आग्नेय सुलावेसीतल्या एका किनारी गावाचं प्रकरण

वावोनी हे इंडोनेशियाच्या आग्नेय सुलावेसी प्रांतातलं बेट, प्रांताची राजधानी केंडारी हिच्यापासून बोटीने काही तासांवर. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर पाच-सहा लहान गावं एकमेकांना लागून आहेत. हे प्रकरण त्यांतल्या एका गावाचं आहे. गावाचं, तिथल्या माणसांचं आणि खाण कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कायदे, निकाल आणि तारखा मात्र सार्वजनिक नोंदींतल्या आहेत. बागा वाचवताना कुठला कागद कधी हातात घ्यायचा आणि पाण्याची नोंद कधीपासून ठेवायची, या दोन प्रश्नांवर इथे जास्त भर दिला आहे. गावाचं जे वाचलं आणि जे गेलं, ते याच दोन ठिकाणी ठरलं.

पार्श्वभूमी

समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी आहे. त्या पट्टीत घरं, मशीद, शाळा आणि नावा ओढून ठेवायची वाळू. घरांच्या मागे माड, त्याच्या वर काजू, आणखी वर चढणीला लवंग आणि जायफळ, आणि माथ्यावर जंगल. वावोनीला त्या भागात 'नारळाचं बेट' म्हणतात. सुकं खोबरं हे इथलं जुनं नगदी उत्पन्न. काजू आणि मसाल्याची झाडं त्याला जोड देतात. इंडोनेशियातला कच्चा काजू भारत आणि व्हिएतनामच्या काजू कारखान्यांत जातो, त्यामुळे बीचा भाव गावात ठरत नाही. पण झाड आपलं असल्यावर भाव पडलेल्या वर्षी बी थोडी थांबवून ठेवता येते. लवंग तर नीट वाळवली की वर्षभर टिकते. घरात लग्न निघालं किंवा मुलाला केंडारीला शिकायला पाठवायचं असलं की लवंगेचं पोतं विकायला निघतं. मासेमारी बहुतेक घरखर्चापुरती.

या झाडांचा हिशोब वर्षांत करावा लागतो. काजूला तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी धरते आणि चांगलं पीक यायला आठ-दहा वर्षं जातात. लवंगेला पहिला तोडा साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी मिळतो. रोपापासून लावलेलं जायफळ सातव्या-आठव्या वर्षाच्या आधी फळत नाही, आणि झाड नर निघालं तर तेवढी वर्षं फुकट जातात. म्हणून उभी बाग हीच तिथल्या कुटुंबाची ठेव.

आता जमिनीखाली काय आहे ते पाहू. कोकणातला जांभा बेसॉल्टवर तयार झाला. सुलावेसीच्या या भागातला जांभा मात्र मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असलेल्या, पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून वर आलेल्या खडकांवर तयार झाला, आणि त्या खडकांत मुळातच निकेल असतं. लाखो वर्षांच्या पावसाने निकेल वरून खाली झिरपत गेलं. वरचा लालसर-पिवळा थर म्हणजे लिमोनाइट. त्यात निकेल साधारण एक ते दीड टक्का. त्याखालचा हिरवट, भुसभुशीत थर म्हणजे सॅप्रोलाइट. त्यात दीड टक्क्यापासून पुढे. दोन्ही थर जमिनीच्या पृष्ठभागाजवळच सापडतात. त्यामुळे बोगदे लागत नाहीत. झाडं काढायची, वरची माती बाजूला सारायची, पोकलेनने थर उचलायचा, डंपरने धक्क्यावर न्यायचा आणि बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, भरायचा, एवढंच काम. कच्च्या निकेल खनिजाच्या निर्यातीवर इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून पूर्ण बंदी घातली. तेव्हापासून सगळं खनिज देशातल्याच भट्ट्यांकडे जातं, आणि त्या भट्ट्यांना सतत नवा माल लागतो.

एका हेक्टरखाली किती माल असतो, याचा अंदाज घ्यायला एक उदाहरण. सॅप्रोलाइटचा थर पाच मीटर धरला तर एका हेक्टरमधून ५०,००० घनमीटर खनिज निघतं, म्हणजे ओल्या वजनाने सुमारे ७५,००० टन. साडेसात हजार टनांच्या बार्जने ते दहा फेऱ्यांत जातं. त्याच हेक्टरवर दहा-दहा मीटर अंतराने काजू लावला तर शंभर झाडं बसतात. झाडामागे वर्षाला चार किलो बी धरली तर चारशे किलो. भरपाईच्या बोलणीत शेतकऱ्याच्या मनात दुसरा आकडा होता. टेबलापलीकडच्या माणसाला पहिला माहीत होता.

अडचण

खाणपट्टा आला तो गावकऱ्यांना न कळता. खाण परवाने आधी जिल्हाप्रमुख देत असे. २०१४ च्या कायदा क्रमांक २३ ने ते अधिकार प्रांताकडे गेले आणि २०२० च्या कायदा क्रमांक ३ ने केंद्राकडे. वावोनी आधी कोनावे जिल्ह्यात होतं. २०१३ मध्ये 'कोनावे केपुलाउआन' हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे एकाच खाणीचे कागद दोन जिल्हे, एक प्रांत आणि एक मंत्रालय अशा चार कपाटांत विखुरलेले. शिवाय डोंगराचा बराच भाग सरकारदप्तरी वनजमीन असल्याने २०१४ मध्ये वनखात्याने ७०७.१० हेक्टर वनजमीन खाणीसाठी वापरायचा स्वतंत्र परवाना दिला. आजोबांच्या काळापासून लवंग तोडतो ती जागा कागदावर वन आहे, हे बऱ्याच कुटुंबांना तेव्हा कळलं.

गावकऱ्यांकडे बहुतेकांचा कागद म्हणजे गावप्रमुखाच्या, म्हणजे 'केपाला देसा'च्या, सहीचा जमीन दाखला आणि जमीन-कराच्या पावत्या. नोंदणीकृत मालकीपत्र फार थोड्यांकडे. दाखल्यावरच्या चतुःसीमा अशा: उत्तरेला ओढा, पूर्वेला अमक्याची बाग. अक्षांश-रेखांश नाहीत. त्यामुळे एकाच तुकड्यावर दोघांनी हक्क सांगणं, आणि त्यांतल्या एकाने विकून टाकणं, अगदी सोपं होतं.

अडचणीची तिसरी बाजू पाण्याची. पट्ट्यातल्या गावांना डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी उतारावरून नळाने येतं. पंप नाही, वीज लागत नाही. जांभ्याचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि खालच्या भेगाळ खडकातून ते हळूहळू सोडतो. कोरड्या महिन्यांत झरा चालतो तो यामुळे. थर काढला की पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं आणि बारीक लाल माती भेगांतून आत शिरते. खाणी अशा मातीसाठी उतारावर गाळ बसवायची तळी खोदतात. वाळू आणि जाड माती त्यांत बसते. पण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक चिकणकण साध्या पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. ते बसवायला रसायन घालावं लागतं, तळं वेळेवर उपसावं लागतं आणि तळ्याचा आकार मोठ्यात मोठ्या पावसाला पुरेल असा लागतो. सुलावेसीच्या या पूर्व किनाऱ्यावर जोराचा पाऊस एप्रिल ते जूनमध्ये पडतो. तळं आधीच गाळाने अर्धं भरलेलं असेल तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी सांडव्यावरून लाल होऊन वाहू लागतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विकण्याचा. रोख रक्कम लगेच हातात येत होती आणि खाणीवर नोकरीचं आश्वासन होतं. ज्यांची झाडं म्हातारी झाली होती किंवा ज्यांची मुलं आधीच बेट सोडून गेली होती, त्यांना हे पटलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण किंमत झाडामागे किंवा चौरस मीटरमागे एकरकमी ठरत होती. खरी किंमत काढायची तर वर्षाचं उत्पन्न, झाडाची उरलेली फळती वर्षं आणि नवी बाग धरेपर्यंतची रिकामी वर्षं, एवढं सगळं धरायला हवं. काजूची वीस वर्षं उरली असतील तर वरच्या उदाहरणातल्या हेक्टरमागे आठ टन बी होते. एवढी किंमत कुणी मागितली नाही, कारण प्रत्येक कुटुंब एकटं बोलत होतं.

दुसरा पर्याय अटी घालून परवानगी देण्याचा: झऱ्यापासून ठरावीक अंतर, लवंग वाळवायच्या दिवसांत रस्त्यावर पाणी मारणं, तळ्यांची पाहणी गावाने करणं. कागदावर हा मधला मार्ग वाटतो. पण अट मोडली तर काम थांबवायचा हक्क गावाकडे नाही. तो निरीक्षकाकडे असतो, आणि निरीक्षक बेटावर राहत नाही. शिवाय झऱ्याचं पाणी नेमकं कुठून मुरतं हे कुणी मोजलेलं नव्हतं, म्हणून सुरक्षित अंतर किती धरायचं हे सांगणंही अवघड होतं.

तिसरा पर्याय बागेत उभं राहून यंत्रं अडवण्याचा, आणि चौथा प्रांताच्या राजधानीत मोर्चा नेण्याचा. पाचवा न्यायालयाचा. तो सगळ्यांत लांबचा वाटला, कारण वकील केंडारीत किंवा जकार्तात, आणि सुनावणीला जायचं म्हणजे तोड्याचे दिवस बुडणार.

कायद्यात गावाच्या बाजूच्या गोष्टी होत्या, त्या तेव्हा फार थोड्यांना माहीत होत्या. २००९ च्या खनिज कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे परवानाधारकाने उत्पादन सुरू करण्याआधी जमिनीच्या हक्कांचा निकाल लावला पाहिजे. किनारी प्रदेश आणि लहान बेटांच्या २००७ च्या कायदा क्रमांक २७ मध्ये (२०१४ मध्ये सुधारणा) २,००० चौरस किलोमीटरपर्यंतचं बेट 'लहान बेट' ठरतं. वावोनी ९०० चौरस किलोमीटरही भरत नाही. याच कायद्याचं कलम २३ लहान बेटांवरच्या जमिनीच्या वापराचा प्राधान्यक्रम देतं: संवर्धन, शिक्षण, संशोधन, मत्स्यपालन, पर्यटन, मासेमारी, सेंद्रिय शेती, पशुपालन, संरक्षण. त्यात खाण नाही. कलम ३५ चा 'के' पोटभाग पर्यावरणाला किंवा लोकांना हानी होईल अशा ठिकाणी खनिज काढायला मनाई करतो.

काय घडलं

गावाने आधी तिसरा आणि चौथा पर्याय घेतला. मार्च २०१९ मध्ये केंडारीत गव्हर्नरच्या कार्यालयासमोर मोठे मोर्चे झाले, त्यांत वावोनीचे विद्यार्थी पुढे होते. त्यानंतर बेटावरचे काही खाण परवाने प्रांताने रद्द केले. पण आग्नेय किनाऱ्यावरची खाण राहिली. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांनी जमीन विकली नव्हती अशा कुटुंबांच्या बागांत यंत्रं शिरली आणि काजू, लवंग, जायफळाची झाडं आडवी झाली. शेजाऱ्याने विकलेल्या तुकड्याची हद्द कुठे संपते यावरच वाद होता, आणि हद्द दाखवायला नकाशा नव्हता.

इथे पहिला कळीचा क्षण येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये गावकऱ्यांनी बागेत आलेल्या कामगारांना अडवून ठेवलं. त्या क्षणी ते साहजिक होतं. डोळ्यांसमोर पंधरा-वीस वर्षांचं झाड पडत होतं. पण माणसांना जागेवरून हलू न देणं हा इंडोनेशियाच्या तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३३३ खाली 'स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा' गुन्हा होता, आणि त्याला आठ वर्षांपर्यंत कैद होती. जवळपास अडीच वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, याच कलमाखाली तीन गावकऱ्यांना अटक झाली. जमीन कुणाची हा प्रश्न मागे पडला आणि गावाचे पैसे, वेळ आणि धीर जामिनामागे खर्च झाला. त्याशिवाय २०२० च्या खनिज कायद्याचं कलम १६२ आहे: परवानाधारकाच्या कामात अडथळा आणणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १० कोटी रुपियापर्यंत दंड. पर्यावरणासाठी लढणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलमही आहे, २००९ च्या पर्यावरण कायद्याचं ६६ वं. पण ते अटक झाल्यावर बचावात वापरायचं असतं. अटक ते थांबवत नाही.

मार्च २०२२ मध्ये आणखी एका बागेत यंत्रं आली तेव्हा बायका पुढे झाल्या. काहींनी अंगावरचे कपडे उतरवून यंत्रांसमोर निषेध केला. त्या समाजात एखादी बाई या टोकाला जाते तेव्हा तिच्याकडे दुसरा कुठलाच उपाय उरलेला नसतो.

त्याच वर्षी पाऊल बदललं. वकिलांनी बागेतल्या हद्दीचा वाद बाजूला ठेवून वरचा कागद धरला. जिल्ह्याने २०२१ मध्ये केलेल्या प्रादेशिक आराखड्यात (जिल्हा नियम क्रमांक २, वर्ष २०२१) बेटावर खाणक्षेत्र दाखवलं होतं. आराखडा हा कायद्याखालचा नियम असल्यामुळे तो कायद्याशी विसंगत आहे का, हे तपासायचा अधिकार इंडोनेशियात सर्वोच्च न्यायालयाला आहे. या तपासणीत साक्षीदार उभे करावे लागत नाहीत, बागेची हद्द सिद्ध करावी लागत नाही. दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले जातात. दुरून लढणाऱ्या गरीब गावासाठी हा सगळ्यांत स्वस्त दावा होता. आमच्या मते सबंध प्रकरणातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच.

२२ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने (प्रकरण ५७ पी/एचयूएम/२०२२) आराखड्यातली खाणक्षेत्राची कलमं लहान बेटांच्या कायद्याशी विसंगत ठरवली आणि जिल्ह्याला ती काढायला सांगितली. लहान बेटावरचं खाणकाम असाधारण धोक्याचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अशा निकालानंतर ९० दिवसांत स्थानिक शासनाने नियम मागे घेतला नाही तर तो आपोआप निष्प्रभ ठरतो.

मग खाण थांबली का? नाही. आराखडा आणि वनजमिनीचा परवाना हे वेगळे कागद आहेत. आराखडा पडला तरी परवान्याला वेगळं आव्हान द्यावं लागतं. दुसरा कळीचा क्षण हा. डिसेंबरचा निकाल आल्यावर गावात जल्लोष झाला आणि पाठोपाठ डंपर नेहमीसारखे सुरू राहिले, तेव्हा निराशा आली ती या फरकाची कल्पना नसल्यामुळे.

मे २०२३ मध्ये, पावसाच्या ऐन दिवसांत, झऱ्याचं पाणी लालसर-तपकिरी झालं. नळाला येणाऱ्या पाण्यात भांडं भरून ठेवलं तरी तळाला चिखल बसे आणि वरचं पाणी तरीही गढूळच. पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवणं किंवा १९ लिटरचे विकतचे 'गालोन' आणणं, हाच उपाय उरला. ज्या घरांनी आजवर पाण्याला पैसा मोजला नव्हता त्यांना तो खर्च सुरू झाला. कारण विचारलं तेव्हा जोरदार पावसाकडे बोट दाखवलं गेलं.

आणि इथे गावाकडे उत्तर नव्हतं. झरा पूर्वीच्या पावसाळ्यांत किती गढूळ होत असे, याची एकही नोंद नव्हती. म्हातारी माणसं सांगत होती की पाणी कधी असं झालं नव्हतं. ते खरं असणार. पण न्यायाधीशाला आणि निरीक्षकाला आकडा लागतो.

वनजमिनीच्या परवान्याला जकार्ताच्या प्रशासकीय न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो परवाना रद्द ठरवला. अपिलात निकाल उलटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांची बाजू पुन्हा उचलून धरली. दरम्यान कंपनीने घटना न्यायालयात (कायदे राज्यघटनेला धरून आहेत का हे पाहणारं वेगळं न्यायालय) जाऊन लहान बेटांच्या कायद्याच्या कलम २३ आणि ३५ लाच आव्हान दिलं होतं. ही कलमं म्हणजे सरसकट बंदी नव्हे, असं वाचायला हवं, हा मुद्दा होता. २१ मार्च २०२४ ला घटना न्यायालयाने (प्रकरण ३५/पीयूयू-२१/२०२३) ती याचिका पूर्णपणे फेटाळली. हा निकाल वावोनीपुरता राहिला नाही. इंडोनेशियातल्या सगळ्या लहान बेटांना आता त्याचा आधार आहे. २०२५ मध्ये वनमंत्रालयाने वनजमिनीचा परवाना मागे घेतला.

परिणाम

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर गाव जिंकलं. जमिनीच्या बाजूने हिशोब वेगळा आहे. वनजमिनीचा परवाना गेला म्हणजे खाणपट्टा आपोआप रद्द होत नाही. तो आणखी एक कागद. उघडा पडलेला डोंगर, वाहतुकीचा रस्ता आणि गाळाची तळी जागच्या जागी राहतात. परवाना असताना तळी उपसायची जबाबदारी निदान कुणाची तरी असते. काम थांबल्यावर ती कोण पाहतं, हे लगेच विचारावं लागतं. नियमाप्रमाणे परवानाधारकाने भूमी पूर्ववत करण्यासाठी हमी रक्कम ठेवलेली असते. ती किती आहे, कुठल्या बँकेत आहे आणि कुठल्या कामासाठी मोकळी होते, ही माहिती गावाने लेखी मागायला हवी.

गावात दुफळी राहिली. विकलेल्यांची आणि न विकलेल्यांची घरं शेजारीशेजारी आहेत, मशीद एक आहे, आणि काही घरांत एक भाऊ खाणीवर कामाला तर दुसरा दाव्यात वादी. हे कुठल्याही निकालाने भरून येत नाही.

बागांचं नुकसान धुळीनेही झालं. लवंग तोडल्यावर ती देठापासून सोडवून चटईवर, बहुधा रस्त्याकडेला, चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. कळीचा रंग तांबूस-काळपट आणि स्वच्छ हवा, मोडताना कडक आवाज आला पाहिजे. डंपरच्या रस्त्याची लाल धूळ ओलसर कळीवर बसली की ती पाखडून निघत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. काजूचा मोहोर कोरड्या महिन्यांत येतो, म्हणजे रस्ता सगळ्यांत जास्त धुरळतो तेव्हाच. मोहोरावर धूळ बसली की परागण करणारे किडे फिरकत नाहीत आणि फळधारणा घटते. या दोन्ही तोट्यांची भरपाई कुठल्याच बोलणीत आली नव्हती, कारण बोलणी फक्त तोडलेल्या झाडांची होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी पाणी. यंत्रं येण्याच्या आधी निदान एक पूर्ण वर्ष झऱ्याची नोंद असती तर मे २०२३ चं चित्र वेगळं दिसलं असतं. यासाठी मोठा खर्च लागत नाही. दोन जागा ठरवायच्या: झऱ्याचं तोंड आणि ओढ्यावरची खाणीच्या वरची एक जागा. आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर, पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन त्याच पांढऱ्या फळीसमोर फोटो काढायचा, फोटोत तारखेची चिठ्ठी दिसली पाहिजे. गढूळपणा मोजायची नळी असेल तर आकडाही लिहायचा. इंडोनेशियाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा ३ एनटीयूपेक्षा (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) कमी हवा. सरळ कडांचा एखादा डबा उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस मोजायचा. पावसाची नोंद सगळ्यांत महत्त्वाची, कारण 'पाऊस जोराचा होता' या उत्तराला तिनेच उत्तर देता येतं: तेवढाच पाऊस आधीच्या वर्षी पडला तेव्हा पाणी किती गढूळ होतं?

प्रयोगशाळेची तपासणी वर्षातून दोनदा पुरे, एक पावसात, एक कोरड्यात. इथे बेटावरच्या गावांची एक नेहमीची चूक होते. या जातीच्या खडकांत क्रोमियम असतं, आणि त्याचं सहा संयुजेचं रूप विषारी असल्याने तेच तपासायचं असतं. पण त्यासाठीचा नमुना थंड ठेवूनही साधारण २४ तासांतच तपासावा लागतो. संध्याकाळी भरलेली बाटली दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेली, रविवार आडवा आला, की अहवाल येतो पण समोरचा वकील तो दोन प्रश्नांत उडवून लावतो. म्हणून आधी प्रयोगशाळेशी वेळ ठरवायची, बोट सुटायच्या तासभर आधी नमुना भरायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, आणि बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणी घेतली यांच्या सह्या एका कागदावर ठेवायच्या. तरंगत्या गाळाचा नमुना थंड ठेवला तर सात दिवस चालतो, गढूळपणाचा ४८ तास. एकाच वेळी तीन बाटल्या भरल्या तरी घाई फक्त एकीची असते.

दुसरं, हद्दी. फोन घेऊन बागेच्या कडेने चालत जाऊन कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेणं हे दोन-तीन जणांचं काही आठवड्यांचं काम. शेजारच्या चारही बागांच्या मालकांना सोबत न्यायचं आणि नकाशावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. असा गावनकाशा मालकीपत्राची जागा घेत नाही. पण कोणता तुकडा विकला आणि कोणता नाही, हा २०१९ चा वाद यंत्रं बागेत शिरायच्या आधीच कागदावर मिटला असता आणि कलम १३६ चा आधार घ्यायला पुरावा मिळाला असता. वनखात्याची हद्द त्यावर चढवून पाहिली असती तर वनजमिनीच्या परवान्याची गोष्टही वेळेत कळली असती.

वेळेत म्हणजे किती, हे नीट पाहायला हवं. प्रशासकीय आदेशाविरुद्ध आधी त्याच अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते, २१ कामकाजाच्या दिवसांत. अधिकाऱ्याने १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मग वरिष्ठाकडे अपील, पुन्हा १० कामकाजाचे दिवस. त्यानंतर न्यायालयात जायला ९० दिवस. पर्यावरण अहवालावर हरकती घ्यायला तर १० कामकाजाचेच दिवस मिळतात. आदेशाची प्रत गावापर्यंत पोचायलाच महिने जातात अशा ठिकाणी 'गावाला आदेश कधी कळला' ही तारीखच दाव्याचा कणा ठरते. म्हणून कुठलाही सरकारी कागद हातात आला की त्यावर तारीख आणि कुणाकडून आला ते लिहून ठेवायचं आणि गावपंचायतीच्या नोंदवहीत चढवायचं. ही शिस्त २०१४ मध्ये असती तर पुढचा रस्ता बराच सोपा झाला असता.

तिसरं, कुठला कागद आधी धरायचा. आराखड्याच्या तपासणीला मुदतीची अट नाही, पुरावा कमी लागतो, आणि जिंकल्यावर पुढच्या प्रत्येक दाव्याला तोच आधार होतो. हा दावा २०२१ मध्ये आराखडा होताच करता आला असता. बागेत यंत्रं अडवणं पूर्ण चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. ते झालं नसतं तर २०१९ मध्येच आणखी बागा गेल्या असत्या. पण अडवताना माणसांना हात लावायचा नाही, वाट मोकळी ठेवायची, चित्रीकरण करायचं आणि त्याच दिवशी पोलिसांकडे अतिक्रमणाची तक्रार नोंदवून पोच घ्यायची, एवढं पाळलं असतं तर कलम ३३३ लावणं फार अवघड गेलं असतं.

बोलणीबद्दल एवढंच, की विकायचं ठरलं तरी एकेकट्याने विकू नये. गावसभेत किमान दर आणि किमान अटी ठरवून, ज्यांना विकायचं त्यांनी एकत्र बसावं. धूळ आणि पाणी यांची भरपाई न विकणाऱ्यांनाही मिळाली पाहिजे, ही अट विकणाऱ्यांच्याच करारात घालता येते. गावातली दुफळी त्याने कदाचित थोडी कमी झाली असती.

गोव्यात डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या लोहखनिजाच्या खाणींखाली भातशेती आणि झरे यांचं काय झालं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. खडक वेगळा आहे, धातू वेगळा आहे, पण लाल मातीचं पाणी उतारावरून ज्या वाटेने खाली येतं ती वाट एकच आहे. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत एखाद्या गावाच्या माथ्यावर खाणीची चर्चा सुरू असेल तर झऱ्याची नोंदवही आणि पावसाचा डबा याच पावसाळ्यात सुरू करावा, परवान्याची वाट पाहू नये.

वावोनीत पुढचं काम आता झऱ्याचंच आहे. उघड्या पडलेल्या उतारावर गाळ थोपवायला समतल चर आणि झपाट्याने वाढणारं गवत आधी लावावं लागेल; थेट जायफळ लावून उपयोग नाही, कारण वरची माती गेलेल्या जमिनीत मसाल्याचं झाड तग धरत नाही आणि निकेल जास्त असलेली माती बहुतेक पिकांना मानवत नाही. गाळाची तळी पुढच्या एप्रिलच्या आधी उपसली गेली नाहीत तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा लाल येईल.